‘पोलिश अत्याचारांचीं कागदपत्रें’ : एका साधनखंडाचें परीक्षण

जुने कागद जमविणाऱ्या मनुष्यास एक सवय जडलेली असते. कागद हातीं आला कीं तो प्रथम शिक्का पाहतो, मिती पाहतो, अक्षराचें वळण पाहतो. आणि हीं तिन्ही जुळलीं म्हणजे कागद ‘अस्सल’ ठरवून रुमालांत बांधून ठेवतो. ही सवय चांगली आहे; परंतु ती पुरेशी नाहीं. सुटे कागद बहुतांशीं अस्सल असूनहि त्यांची बांधलेली जुडी खोटी असूं शकते, हें आपल्या मंडळींपैकीं फारच थोड्यांच्या लक्षांत येतें. याचें ढळढळीत उदाहरण म्हणून युरोपांतील एक साधनखंड आम्हीं येथें परीक्षणास घेतला आहे. त्याचा विषय आपल्या दप्तरांपासून दूरचा आहे खरा. पण त्यापासून घ्यावयाचा धडा प्रत्येक संग्राहकाच्या दारापाशीं येऊन उभा राहणारा आहे.

हा खंड म्हणजे पोलंडमधील जर्मन रहिवाशांवर पोलिश लोकांनीं केलेल्या अत्याचारांचीं कागदपत्रें. जर्मन परराष्ट्र खात्याच्या आज्ञेवरून हान्स शाडेवाल्ट यानें तो संपादिला. पहिली आवृत्ति १९३९ सालच्या अखेरीस तयार झाली आणि वाढविलेली दुसरी आवृत्ति १९४० मध्यें निघाली. त्याच वर्षीं त्याचें इंग्रजी भाषांतर करून तें अमेरिकेंतहि वाटण्यांत आलें. बाह्यांगानें पाहतां ग्रंथ चोख आहे. त्यांत प्रतिज्ञेवर दिलेल्या जबान्या आहेत, ब्रोम्बेर्ग येथील खास न्यायासनापुढील कामाचे उतारे आहेत, प्रेतें उकरून केलेल्या शवपरीक्षांचे वैद्यकीय अहवाल आहेत, आणि पाहवणार नाहींत अशीं छायाचित्रें आहेत. जबानी देणाराचें नांव, गांव, धंदा, तारीख, सारें जागच्या जागीं नोंदलेलें आहे. आपल्याकडील एखाद्या साक्षेपी संपादकानेंहि ‘मांडणी नमुनेदार’ असाच शेरा दिला असता.

आमचें भांडण मांडणीशीं नाहीं, बेरजेशीं आहे.

पहिल्या आवृत्तीच्या वेळीं, म्हणजे नोव्हेंबर १९३९ पर्यंतच्या चौकशीवरून, मारल्या गेलेल्या जर्मनांची संख्या ५,४३७ दिली होती. अवघ्या तीन महिन्यांत, फेब्रुवारी १९४० मध्यें, ती ५८,००० वर गेली. ती कशी वाढली हें ग्रंथांतच सांगितलें आहे. १ फेब्रुवारी १९४० पर्यंत ओळख पटलेलीं प्रेतें १२,८५७; आणि त्यांत बेपत्ता म्हणून ४५,००० मिळवावयाचे. बेपत्ता मनुष्य मेलाच असें धरावयाचें, मेला तो मारलाच गेला असें धरावयाचें, आणि मारला तो पोलिश मनुष्यानेंच असें धरावयाचें. अशीं तीन गृहीतकें एका बेरजेच्या पोटांत लपवून ठेविलेलीं आहेत. त्या गोंधळांत पळालेले, कैदेंत पडून मागाहून परत आलेले, जर्मन बाँबखालीं सांपडलेले, पोलिश सैन्यांत चाकरीस असतांना लढाईंत पडलेले, असे नाना प्रकारचे लोक होते. त्यांची वर्गवारी करण्याची गरज संपादकास वाटली नाहीं. हाच आकडा यापुढें सर्वत्र वापरावा असें हिटलरच्या आज्ञेनें ठरलें, आणि तेथें विषय मिटला. बेरीज आधीं व रकमा मागाहून, असा हा हिशेब आहे.

या आकड्याची खरी परीक्षा युद्धानंतर झाली. पोझनान येथील विद्वान् कारोल मारियान पोस्पिएशाल्स्की यांनीं १९५९ सालीं या ५८,००० च्या प्रकरणावर स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला. त्यांनीं वादासाठीं वाद घातला नाहीं. मृत जर्मनांचीं थडगीं शोधून नोंदविण्यासाठीं जर्मन अधिकाऱ्यांनींच पोझनान येथें एक कचेरी उघडली होती. तिचें दप्तर मागें राहिलें होतें. पोस्पिएशाल्स्की यांनीं त्या दप्तराकडे धांव घेतली, आणि ग्रंथांतील आकड्यास त्याच सरकारच्या कचेरींतील नोंदी आधार देत नाहींत असें दाखविलें. पुढें दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनीं केलेल्या गणना साधारणतः ४,००० ते ६,००० च्या दरम्यान येतात, आणि त्यांतहि लष्करी धामधुमींत मेलेल्यांचा वांटा आहे. छापील ग्रंथास त्याच पक्षाच्या दप्तरानें खोटें पाडावें, यासारखा दुसरा निर्णायक पुरावा संशोधकास क्वचितच मिळतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. मेलेले जर्मन खरोखर मेले होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं बिडगोश्च शहरांत, म्हणजे ज्यास जर्मन लोक ब्रोम्बेर्ग म्हणत तेथें, माघार घेणाऱ्या पोलिश फौजेवर गोळीबार झाला असें पोलिश साक्षीदार सांगतात. जर्मन बाजू तें नाकारते. आणि गोळी प्रथम कोणी झाडली याविषयींचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. परंतु त्यानंतर त्या शहरांत व आसपास जर्मन वस्तींतील कांहीं शें माणसें मारलीं गेलीं, त्यांत निरपराधीहि होते, आणि त्यांच्या घरच्यांनीं दिलेल्या जबान्यांतील दुःख बनावट नव्हे. जो टीकाकार आकडा खोटा म्हणून हीं प्रेतेंहि खोटीं ठरवील, तो शाडेवाल्टचाच मार्ग उलट दिशेनें चालेल. आमचा आक्षेप एवढाच कीं, या दुःखाचा पुढें उपयोग कशासाठीं करण्यांत आला तें पाहिल्यावांचून या ग्रंथाचें मोल ठरवितां येत नाहीं.

आपल्याकडील जुन्या महजरांची रीत येथें स्मरणांत आणावी. वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला कीं वादी व प्रतिवादी या दोघांचेहि करीने लिहून घेत, दोघांचे साक्षीदार विचारीत, आणि मग सभासदांच्या नांवनिशीनें निवाडा होई. ज्या महजरांत एकाच पक्षाचें म्हणणें आहे त्यावर आपण सहसा भिस्त ठेवीत नाहीं. या ग्रंथांत पोलिश पक्षाचा करीना नाहीं. नसण्याचें कारण असें कीं, ५ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन सैन्य शहरांत शिरल्यावर तो पक्ष गोळ्या घालून नाहींसा करण्यास आरंभ झाला होता. बाजारचौकांत लोकांस उघड उभें करून मारण्यांत आलें. आणि त्या शरद्‌ऋतूंत जवळच्या फोर्डोन गांवच्या दरींत हजाराहून अधिक पोलिश व यहुदी लोक मारले गेले. ज्या न्यायासनाच्या कागदांचे उतारे या ग्रंथांत आहेत, तेंच न्यायासन भराभर देहांताच्या शिक्षा फर्मावीत होतें. न्यायाधीश, फिर्यादी व संपादक हे तिघेहि एकाच धन्याचे चाकर होते.

आतां कालनिर्णयाकडे वळूं. कार्यकारणाचा वाद असेल तेथें प्रथम मित्या लावाव्या, हा इतिहासाचा साधा नियम आहे. या ग्रंथाचें प्रतिपाद्य असें कीं, सप्टेंबरांतील अत्याचारांनीं जर्मन लोकांचा क्षोभ झाला आणि त्यामुळें पोलिश लोकांस कठोर वागविणें भाग पडलें. मित्या लावल्या तर असें दिसतें: २२ ऑगस्ट १९३९ रोजीं ओबरझाल्त्सबेर्ग येथें सेनापतींपुढें बोलतांना हिटलरनें, युद्धास प्रचाराचें निमित्त आपण पुरवूं, तें पटण्यासारखें असो वा नसो, अशा आशयाचें विधान केलें, त्याचें टिपण पुढें न्यूरेम्बर्गच्या खटल्यांत दाखल झालें. ३१ ऑगस्टच्या रात्रीं ग्लायविट्स येथील आकाशवाणीकेंद्रावर ‘पोलिश’ हल्ल्याचा बनाव करण्यांत आला. आणि या सर्वांच्याहि आधीं, पोलंडमधील पकडावयाच्या माणसांची एक यादी तयार झालेली होती. तींत सुमारे ६१,००० नांवें होतीं: पुढारी, पाद्री, शिक्षक, वकील, आणि पहिल्या महायुद्धानंतर सायलेशिया व पोझनान या प्रांतांत झालेल्या उठावांत भाग घेतलेले लोक. ही यादी घेऊनच खास पथकें सैन्यामागून पोलंडांत शिरलीं. यादी आधींची आणि अपराध नंतरचा! बिडगोश्चमध्यें एकहि जर्मन मेला नसता तरी ती यादी होतीच. १९३९ चा शरद् व पुढील वसंत यांच्या दरम्यान सुशिक्षित व पुढारीवर्गांतील सुमारे ५०,००० लोक मारले गेले असा अंदाज आहे. तेव्हां हा ग्रंथ कृत्याचें कारण नसून कृत्यावर घातलेलें पांघरूण आहे, असा आमचा निष्कर्ष आहे.

येथें प्रश्न उठतो कीं, हें पांघरूण इतक्या सहजीं खपलें कसें? जर्मन वाचकास ५८,००० हा आकडा शंकेवांचून कां पटला? याचें उत्तर ग्रंथांत नाहीं. तें ग्रंथापूर्वींच्या दीडदोनशें वर्षांत शोधावें लागतें. ‘पोलिश कारभार’ हा शब्दप्रयोग जर्मन भाषेंत गचाळपणा, बेबंदशाही व घाण या अर्थानें रूढ होता. गेओर्ग फॉर्स्टर हा विद्वान् विल्नो येथें अध्यापनासाठीं गेला असतां १७८४ सालच्या त्याच्या पत्रांत हा प्रयोग आढळतो. हाच फॉर्स्टर पुढें १७९१ सालीं कालिदासाच्या शाकुंतलाचें जर्मन भाषांतर करणारा होय, हें आपल्या वाचकांस सांगितलें तर त्यांस आश्चर्य वाटेल. दूरच्या हिंदुस्थानच्या वाङ्मयास आदरानें हात लावणारा मनुष्य शेजारच्या राष्ट्राविषयीं सर्वसामान्य कुत्सेचा शब्द बेधडक लिहितो. पूर्वग्रहाचें स्वरूप असेंच असतें. तो मूर्खांच्याच ठायीं वसतो असें नाहीं.

१७७२ च्या पहिल्या वांटणीनंतर दुसऱ्या फ्रेडरिकनें आपल्या नव्या पोलिश प्रजेची तुलना अमेरिकेंतील इरोक्वा लोकांशीं केली होती. ज्याचा मुलूख घ्यावयाचा तो रानटी ठरविणें सोयीचें असतें. पुढें बिस्मार्कच्या अमदानींत १८८५ पासून प्रशियाचें नागरिकत्व नसलेल्या सुमारे ३०,००० पोलिश व यहुदी लोकांस सरहद्दीपार घालविण्यांत आलें. १८८६ सालीं पोलिश जमिनी विकत घेऊन त्यांवर जर्मन शेतकरी वसविण्यासाठीं सरकारी मंडळ स्थापन झालें. आणि १९०१ सालीं व्झेश्न्या येथील शाळेंत जर्मन भाषेंतून धर्मशिक्षण घेण्यास नकार देणाऱ्या मुलांस छड्या मारण्यांत आल्या. हें सर्व जुलमाचें होतें यांत शंका नाहीं. तथापि या जुन्या जुलमांत एक गृहीत असें होतें कीं, पोलिश मूल जर्मन शिकलें तर तें जर्मन होऊं शकेल.

हिटलरनें नेमकें हेंच गृहीत फेंकून दिलें. आपल्या आत्मकथनाच्या दुसऱ्या भागांत त्यानें जुन्या प्रशियन धोरणास दोष दिला आहे. भाषा शिकवून कोणी जर्मन होत नाहीं, जर्मन करतां येते ती भूमि, माणसें नव्हेत, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. हा फरक लहान वाटतो. पण भूमि हवी आणि तिच्यावरील माणसें नकोत, एवढें एकदां ठरलें म्हणजे पुढील सर्व गोष्टी ओघानेंच येतात. जुना पूर्वग्रह तिरस्कार करीत होता. नव्या सिद्धान्तानें त्या तिरस्कारास वंशाचें नांव दिलें आणि त्यांतून सुटण्याची वाट बंद केली.

मात्र हा सिद्धान्त सदैव सारखा तीव्र होता असें समजूं नये. २६ जानेवारी १९३४ रोजीं जर्मनी व पोलंड यांचा अनाक्रमणाचा करार झाला, आणि त्याबरोबर जर्मन वृत्तपत्रांतील पोलिशद्वेष बराचसा आवरला गेला. १९३५ सालीं पिलसूद्स्की वारला तेव्हां बर्लिनमधील प्रार्थनेस हिटलर जातीनें हजर होता. २८ एप्रिल १९३९ रोजीं करार मोडतांच तोच द्वेष पुन्हा उफाळून आला. आणि ऑक्टोबर १९३९ मधील एका निर्देशांत प्रचारखात्यानें वृत्तपत्रांस पोलिश, यहुदी व जिप्सी यांस एकाच हीन पातळीवर दाखविण्यास बजाविलें. यावरून कांहीं अभ्यासक असा तर्क करितात कीं, हा द्वेष केवळ राजकारणाचें हत्यार होता, मनांत रुजलेला नव्हता. आम्हांस हा तर्क पटत नाहीं. हत्यार म्यानांत घातलें म्हणून तें नव्हतेंच असें होत नाहीं. पांच वर्षें मुकें राहिलेलें मत एका आठवड्यांत घरोघर बोलूं लागतें, तें घरोघर आधींपासून होतें म्हणूनच.

या कामीं विद्वानांनीं काय केलें हें आपल्यासारख्यांनीं विशेष पाहण्याजोगें आहे. आल्बेर्ट ब्राकमान हा मध्ययुगाचा नामांकित अभ्यासक, प्रशियाच्या सरकारी दप्तरखान्यांचा प्रमुख. बर्लिनजवळील डाहलेम येथील दप्तरखान्यांत त्याच्या पुढाकारानें एक प्रकाशन-कचेरी चालत असे. जर्मन लोकांचा पूर्वेकडील भूमीवरील हक्क सिद्ध करणें व दप्तरखान्यांत काम करणाऱ्या पोलिश संशोधकांवर नजर ठेवणें ही तिची कामें होतीं. १९३९ सालीं त्यानें पूर्व युरोपांतील जर्मन कार्याचें गुणगान करणारी पुस्तिका लिहून हिमलरच्या अधीन असलेल्या ‘पूर्वजांचा वारसा’ या संस्थेस दिली. या संस्थेच्या शिरोभागीं वाल्टर व्यूस्ट होता; तो म्यूनिकचा संस्कृतज्ञ, वेदाध्यायी. म्हणजे ज्या विद्येचा आपणांस अभिमान वाटतो तिचाच एक पंडित. पेटर पाउल्सेन हा पुराणवस्तुशास्त्रज्ञ १९३९ च्या शरदांत पथक घेऊन पोलंडांत गेला, आणि क्राको येथील मरियेच्या देवळांतील फाइट श्टोस यानें घडविलेली प्रसिद्ध वेदी उचलून बर्लिनला नेण्यांत आली. ती १९४६ सालीं परत आली. संग्राहकाची आवड आणि लुटारूचा हात यांत अंतर किती थोडें राहूं शकतें, हें येथें दिसतें.

आतां या मताचा कायदा कसा झाला तें पाहूं. ६ नोव्हेंबर १९३९ रोजीं क्राको विद्यापीठांतील अध्यापकांस व्याख्यानाच्या मिषानें बोलावून १८३ जणांस अटक झाली व बहुतेकांची रवानगी साक्सेनहाउसेनच्या छळछावणींत करण्यांत आली. ८ मार्च १९४० च्या फर्मानांनीं जर्मनींत मजुरीस नेलेल्या पोलिश लोकांस पिंवळ्या चौकटींत जांभळें ‘पी’ अक्षर अंगावर वागविण्याची सक्ति झाली; जर्मनांबरोबर देवळांत बसण्यास मनाई झाली; जर्मन स्त्रीशीं संबंध ठेविल्यास मृत्यु. मे १९४० मध्यें हिमलरनें लिहिलेल्या व हिटलरनें मान्य केलेल्या टिपणांत पूर्वेकडील परक्या जातींच्या मुलांस पांचशेंपर्यंत अंक, स्वतःचें नांव लिहिणें व जर्मनांची आज्ञा पाळणें एवढेंच शिकवावें, वाचन शिकविण्याची जरुरी नाहीं, असें म्हटलें आहे. ज्या राष्ट्रास वाचतां येऊं नये अशी योजना झाली, त्या राष्ट्राच्या ग्रंथालयांचें पुढें काय होणार हें याच टिपणांत लिहून ठेवलेलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा सिद्धान्त त्याच्याच कागदांवरून कसा कोसळतो हेंहि पाहण्यासारखें आहे. ४ मार्च १९४१ च्या फर्मानानें जोडलेल्या प्रांतांत ‘जर्मन जनसूची’ काढण्यांत आली. दान्त्सिग व पश्चिम प्रशिया येथील अधिकारी आल्बेर्ट फोर्स्टर यानें गांवेंच्या गांवें सरसकट जर्मन म्हणून नोंदविलीं. शेजारच्या प्रांतांतील ग्राइझर यानें मात्र कडक निवड केली, आणि फोर्स्टरच्या सढळपणाविषयीं तक्रारी केल्या. एकाच रक्ताचा शेतकरी सीमेच्या अलीकडे हीन व पलीकडे जर्मन! पुन्हां, रूपावरून ‘चांगल्या रक्ताचीं’ ठरविलेलीं पोलिश मुलें आईबापांपासून हिरावून जर्मन नांवें देऊन वाढविण्यांत आलीं. पोलिश रक्त हीन असेल तर तें चोरावें कां, या प्रश्नास त्या पंडितांनीं, हें मुळांत हरवलेलें जर्मन रक्तच आहे, असें उत्तर काढलें. पुरावा सिद्धान्ताविरुद्ध गेला कीं पुराव्याचेंच नांव बदलावयाचें, ही ती पद्धति.

१९४२ च्या नोव्हेंबरपासून १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत झामोश्च प्रांतांतील सुमारे ३०० गांवांतून १,१०,००० च्या आसपास लोक, त्यांत ३०,००० मुलें, घराबाहेर काढण्यांत आले. पूर्वेच्या व्यापक योजनेवरील एप्रिल १९४२ च्या एका सरकारी अभिप्रायांत शेंकडा ८० ते ८५ पोलिश लोकांस हलविण्याचा हिशेब आहे. युद्धकाळांत जर्मनांच्या हातून मेलेल्या यहुदीतर पोलिश नागरिकांची संख्या १८ ते १९ लक्ष धरतात, आणि १५ लक्षांहून अधिक लोक वेठीस नेले गेले. यहुदी नागरिकांची गोष्ट निराळी धरली पाहिजे. पोलंडचे सुमारे ३० लक्ष यहुदी मारले गेले, आणि त्यांच्या बाबतींत हेतु एकहि जिवंत न ठेवण्याचा होता. पोलिश लोकांच्या बाबतींत तो पुढारी मारावे, उरलेल्यांस राबवावें व हांकलावें असा होता. दोन्ही कृत्यें एकाच विचाराच्या पोटचीं असलीं तरी त्यांची बेरीज एका रकान्यांत मांडणें म्हणजे शाडेवाल्टच्याच हिशेबास लागणें होय.

त्याचप्रमाणें आपल्याकडील एक स्मृति येथें जपून वापरावी. १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतांशीं पूर्व पोलंडांतील असून १७ सप्टेंबर १९३९ रोजीं तो भाग रशियानें घेतल्यावर रशियन सत्तेनें सैबेरिया व अन्यत्र हद्दपार केलेले होते. त्यांची हकीकत हिटलरच्या खात्यावर मांडणें चूक आहे. पापें मोठीं असलीं म्हणून तीं ज्याच्या त्याच्या नांवावरच लिहावीं लागतात.

आतां या परीक्षणाचा गाभा. या ग्रंथासाठीं जर्मन अधिकाऱ्यांनीं प्रेतें उकरलीं, वैद्यांकडून तपासविलीं, छायाचित्रें काढविलीं. मेलेला प्रत्येक मनुष्य नोंदला जावा म्हणून कचेरी उघडली. त्याच १९३९ सालीं समुद्रकिनाऱ्याजवळील पियाश्नित्साच्या जंगलांत त्यांनीं स्वतः हजारों माणसें मारून पुरलीं. १९४४ सालीं पराभव दिसूं लागला तेव्हां तेथेंहि प्रेतें उकरण्यांत आलीं, पण तीं नोंदण्यासाठीं नव्हे, जाळण्यासाठीं. एका बाजूचें प्रेत पुरावा म्हणून वर येतें आणि दुसऱ्या बाजूचें पुरावा राहूं नये म्हणून वर येतें. गव्हर्नर-जनरल हान्स फ्रांक यास १९४० च्या फेब्रुवारींत एका जर्मन वार्ताहरानें प्राग येथील, सात चेक लोकांस गोळ्या घातल्याच्या जाहिरातींविषयीं छेडलें असतां, आपण दर सात पोलिश लोकांमागें एक कागद चिकटवावयाचा म्हटला तर पोलंडचीं जंगलें कागदास पुरणार नाहींत, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. हें त्याच्याच रोजनिशींत नोंदलेलें आहे. तिचे चाळीसच्या आसपास खंड त्यानें १९४५ सालीं अमेरिकनांच्या स्वाधीन केले. म्हणजे ५८,००० ची बेरीज ज्या दिवसांत जगापुढें मांडली जात होती, त्याच दिवसांत मोजण्याची गरज नसलेलीं माणसें कोणतीं हेंहि ठरलेलें होतें.

जें माणसांचें तेंच कागदांचें. वार्सा येथील ओकूल्निक रस्त्यावर क्रासिन्स्की घराण्याचें ग्रंथालय होतें. युद्धकाळांत जर्मन अधिकाऱ्यांनीं राष्ट्रीय ग्रंथालय, विद्यापीठ वगैरे ठिकाणचीं हस्तलिखितें व दुर्मिळ ग्रंथ तेथेंच एकत्र आणून ठेविले. २ ऑक्टोबर १९४४ रोजीं वार्साचा उठाव संपून शरणागतीचा करार झाल्यावर, म्हणजे लढाई थांबल्यावर, तें ग्रंथालय पेटविण्यांत आलें. जुन्या कागदांचा मुख्य दप्तरखाना त्याआधींच २ सप्टेंबर रोजीं जळाला होता. झालुस्की बंधूंच्या अठराव्या शतकांतील संग्रहांतील हस्तलिखितें १७९४ नंतर रशियांत नेलेलीं होतीं. १९२१ च्या रीगा येथील तहानें तीं मोठ्या कष्टानें परत मिळालीं, आणि वीस-बावीस वर्षांनीं भस्म झालीं. कांहीं वांचलें तें पोलिश ग्रंथपालांनीं करारांतील कलमाच्या आधारें गाड्या भरून बाहेर काढलें म्हणून. पोलिश गद्याचा सर्वांत जुना अवशेष, ‘पवित्र क्रूस पर्वतावरील प्रवचनें’, हा १८९० सालीं ब्र्यूक्नर यांस एका पुस्तकाच्या बांधणींत चर्मपट्ट्यांच्या रूपानें सांपडला होता; तो १९३९ मध्येंच देशाबाहेर काढून कानडांत नेला गेल्यामुळें वांचला व १९५९ सालीं स्वदेशीं आला.

आणखी एका मनुष्याचा उल्लेख करणें उचित आहे. झामोश्च प्रांतांतील श्चेब्झेशिन गांवचे वैद्य झिग्मुंट क्लुकोव्स्की हे ग्रंथप्रेमी व आपल्या प्रांताच्या इतिहासाचे अभ्यासक होते. व्यापलेल्या वर्षांत जें दिसलें तें त्यांनीं रोजनिशींत लिहून लपवून ठेविलें. पुढें न्यूरेम्बर्ग येथें साक्ष दिली. आणि १९५८ सालीं ती रोजनिशी छापून निघाली. शाडेवाल्टपाशीं परराष्ट्र खातें होतें, न्यायासन होतें, छापखाना होता. क्लुकोव्स्कीपाशीं एक दौत आणि लपविण्यास जागा एवढेंच होतें. आज संशोधक कोणाच्या शब्दावर अधिक भरवसा ठेवितात हें सांगावयास नको.

तेव्हां या साधनखंडाविषयीं आमचा अभिप्राय असा: तो जाळूं नये, लपवूं नये आणि नाकारूंहि नये. त्यांतील एकेक जबानी निराळी काढून, दुसऱ्या पक्षाच्या कागदाशीं ताडून, ज्याच्या त्याच्या दुःखापुरती ती खरी मानावी. त्याची बेरीज टाकून द्यावी. त्याची प्रस्तावना मात्र जपून ठेवावी. पोलिश लोकांविषयीं ती कांहीं सांगत नसली तरी, ठरलेल्या मतास पुरावा जुळविणारा मनुष्य कसा लिहितो याचा ती अस्सल नमुना आहे. आणि आपल्या संग्राहक बंधूंस विनंति अशी कीं, एखाद्या जातीची, धर्माची वा प्रांताची नालस्ती करणारी कागदांची जुडी हातीं येईल, कागद जुने असतील, शिक्के बरोबर असतील आणि मनास पहिल्याच वाचनांत सर्व पटूं लागेल, तेव्हां जुडी कोणी बांधली, केव्हां बांधली, आणि तिच्यांत कोणाचा करीना नाहीं, एवढें विचारल्यावांचून ती प्रसिद्ध करूं नये.

ओकूल्निक रस्त्यावरील त्या ग्रंथालयाची राख एका कलशांत भरून वार्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन केली आहे. तींतील कोणता कण कोणत्या पोथीचा हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. तरीहि तो कलश एक साधनच आहे, आणि शाडेवाल्टच्या खंडाशेजारीं ठेवून वाचावयाचें तें साधन आहे.